घटनास्थळापासून साक्षीपर्यंत: फॉरेन्सिक तंत्रज्ञाचं काम, पायरीपायरीनं

फॉरेन्सिक तंत्रज्ञ व्हायचंय म्हणून जी मुलं चौकशी करायला येतात, त्यांचा पहिला प्रश्न हमखास यंत्रांबद्दल असतो. कोणतं यंत्र, कोणतं रसायन, निळा प्रकाश कधी मारायचा. यंत्रं शिकता येतात. मुरायला वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला: खोलीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कशालाही हात न लावता उभं राहायला, आणि मग जे दिसलं तेवढंच लिहायला.

गुन्हेगार शोधणं हे तुमचं काम नाही. ते तपास अधिकाऱ्याचं. दोषी कोण हे न्यायालय ठरवणार. तुमचं काम त्याहून लहान आणि बरंच किचकट आहे. एखादी वस्तू कुठे होती, कशी होती, आणि आज न्यायालयाच्या टेबलावर आहे ती तीच आहे, हे तीन-चार वर्षांनी उलटतपासणीत कागद दाखवून सांगता आलं पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी तुमच्याबद्दल

रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा फॉरेन्सिक सायन्सची पदवी हा नेहमीचा रस्ता. माझं मत विचाराल तर मूळ विज्ञान पक्कं करून मग फॉरेन्सिककडे वळलेला माणूस प्रयोगशाळेत जास्त टिकतो. घटनास्थळाच्या कामाला मात्र पदवीइतकाच फोटोग्राफीचा सराव आणि स्वच्छ अक्षर उपयोगी पडतं. रंग नीट ओळखता येतात का हे आधीच तपासून घ्या, कारण अनेक प्राथमिक चाचण्यांचा निकाल रंगावरच ठरतो. हेपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी. तासन्‌तास उकिडवं बसायची, रात्री-अपरात्री उठायची तयारी हवी.

एक गोष्ट बऱ्याच जणांना खटकते: नोकरीत शिरताना तुमचे स्वतःचे बोटांचे ठसे आणि डीएनए नमुना घेऊन ठेवला जातो. संशय म्हणून नव्हे. उद्या एखाद्या पुराव्यावर तुमचाच डीएनए निघाला, तर तो वेळीच ओळखून वगळता यावा म्हणून.

पेटी भरताना

घटनास्थळी काय विसरलं याचा पश्चात्ताप करायला तिथे वेळ नसतो. दोन-तीन मापांचे हातमोजे भरपूर, मास्क, टोपीसकटचा अंगरखा, बुटांवरची कव्हरं. कागदी पिशव्या, पुठ्ठ्याचे खोके, पाकिटं, साधे कोरे कागद, सीलची टेप. निर्जंतुक स्वॅब आणि निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या छोट्या कुप्या. एकदाच वापरून टाकायचे चिमटे. क्रमांकाच्या पाट्या, मोजपट्ट्या, टेप, दोन टॉर्च, ट्रायपॉड. ठशांची पावडर, ब्रश, लिफ्टिंग टेप. बुटाच्या ठशाच्या साच्यासाठी डेंटल स्टोन, म्हणजे दातांचे साचे करायला वापरतात ती घट्ट होणारी पावडर. सुया आणि पाती ठेवायच्या कडक नळ्या. पेन तीन घ्या, एक हमखास बंद पडतं.

स्वॅबच्या पाकिटावरचा बॅच क्रमांक नोंदवहीत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. याला एक इतिहास आहे. १९९३ पासूनच्या गुन्ह्यांतले नमुने तपासताना जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसएक घटनास्थळांवर एकाच अनोळखी बाईचा डीएनए मिळत गेला. २००७ मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तीच. तिच्या शोधासाठी मोठं बक्षीस लागलं. २००९ मध्ये उलगडा झाला तो असा: ती बाई गुन्हेगार नव्हतीच, स्वॅब जिथे तयार होत त्या कारखान्यात काम करणारी होती. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे जंतू मेलेले. डीएनए त्या प्रक्रियेत नष्ट होईलच असं नाही. अशा साहित्यासाठी पुढे २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे मानक आलं. तुमच्यासाठी यातून दोन कामं निघतात: डीएनएमुक्त म्हणून प्रमाणित साहित्यच घ्या, आणि त्याच बॅचचा एक न वापरलेला स्वॅब दर वेळी नमुन्यांसोबत प्रयोगशाळेत पाठवा.

पोचल्यावर आधी विचारा, मग शिरा

जखमी माणसाचा जीव वाचवणं पुराव्याच्या आधी येतं, यावर वाद नाही. ते झालं की सगळ्यात आधी पोचलेल्या पोलिसाला गाठा. "काही हलवलं का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" असंच येतं. म्हणून नेमकं विचारा. दार उघडं होतं की तुम्ही उघडलं? दिवा लागलेला होता की तुम्ही लावला? खिडकी? पंखा? कुठे उभे राहिलात? आणखी कोण आत आलं, कोणत्या वाटेनं? रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी कपडे कापले का, माणसाला हलवलं का?

त्या कर्मचाऱ्यांची नावंही लिहून घ्या. २०१२ साली कॅलिफोर्नियात खून झालेल्या माणसाच्या नखांखाली एका बेघर माणसाचा डीएनए निघाला आणि तो कित्येक महिने तुरुंगात राहिला. त्या रात्री तो दारूच्या अमलात रुग्णालयात होता, हे नंतर कागदपत्रांतून पुढे आलं. त्याला रुग्णालयात नेणारे कर्मचारी आणि थोड्या तासांनी खुनाच्या जागी पोचलेले कर्मचारी एकच होते. ही नोंद कुणी काढलीच नसती तर तो सुटला नसता.

आता आत जायची वाट ठरवा. गुन्हेगार ज्या वाटेनं आला-गेला असण्याची शक्यता जास्त, ती सोडून दुसरी. ती वाट आधी तपासा, आखून घ्या, आणि नंतर सगळ्यांनी त्याच वाटेनं यायचं-जायचं. दाराशी एक माणूस नोंदवही घेऊन बसवा: नाव, वेळ आत, वेळ बाहेर, कशासाठी. वरिष्ठ अधिकारी "फक्त एक नजर टाकतो" म्हणाले तरी त्यांचं नाव त्या वहीत आलंच पाहिजे. एकदा हे ठामपणे केलंत की पुढच्या वेळी नजर टाकायला येणारे आपोआप कमी होतात.

आत गेलात की उभे राहा. वास कसला येतोय? खोली गरम आहे की गार? ग्लासात बर्फ आहे का, चहातून वाफ येतेय का, फरशी कुठे ओली आहे का? तासाभरात यातलं काहीच उरणार नाही, म्हणून हे सगळ्यात आधी लिहा. तिथला नळ, संडास, फोन, टॉवेल काही वापरायचं नाही.

फोटो

क्रम ठरलेला आहे. बाहेरून इमारत, मग प्रवेश, मग खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यातून खोली. नंतर मधल्या अंतरावरून, म्हणजे वस्तू आणि तिच्या शेजारची एखादी न हलणारी खूण एका चौकटीत येईल असे. शेवटी जवळून: एकदा मोजपट्टीशिवाय, एकदा मोजपट्टीसह. मोजपट्टी ठेवून तुम्ही तिच्याखाली काही झाकलं नाही, हे पहिल्या फोटोवरून दिसतं. क्रमांकाच्या पाट्या मांडण्याआधीची एक फेरी वेगळी घ्या.

जवळच्या फोटोत कॅमेरा पृष्ठभागाला अगदी समांतर हवा, ट्रायपॉडवर. थोडा जरी कलला तरी ठशाचं माप बिघडतं. बुटाच्या ठशाला समोरून फ्लॅश मारलात तर तो सपाट होऊन जातो. दिवा हातात घ्या, जमिनीलगत आडवा धरा आणि किमान तीन दिशांनी प्रकाश टाकून वेगवेगळे फोटो काढा. एका दिशेनं न दिसलेली झीज दुसऱ्या दिशेनं दिसते.

हललेला, काळा पडलेला, चुकून स्वतःच्या बुटाचा काढलेला, कोणताही फोटो डिलीट करायचा नाही. फाइलच्या क्रमांकात मध्येच एक आकडा गायब असेल तर त्या फोटोत काय होतं याचं उत्तर न्यायालयात तुम्हालाच द्यावं लागेल, आणि "हललेला होता" यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

टिपणं आणि आराखडा

नव्या माणसाची टिपणं अशी असतात: "पलंगाजवळ रक्त सांडलं होतं, झटापट झाली असावी." यात तीन अंदाज आहेत आणि निरीक्षण एकही नाही. हेच असं लिहायचं: "पलंगाच्या डाव्या पुढच्या पायाजवळ, उत्तरेच्या भिंतीपासून ६४ सेंमी आणि पूर्वेच्या भिंतीपासून १२१ सेंमी, फरशीवर लालसर तपकिरी कोरडा डाग, सुमारे ३ × २ सेंमी. खुर्ची डाव्या कुशीवर पडलेली, पाठ दाराकडे." रक्त आहे का, कुणाचं आहे, झटापट झाली का, हे सगळं पुढचं. तुम्ही डागाला रक्त म्हणालात आणि तो गंज निघाला, तर बाकीच्या चाळीस पानांवरचाही विश्वास उडतो.

वहीची पानं क्रमांकित, बांधलेली. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. खोडरबर आणि व्हाइटनर पेटीतच नकोत.

आराखडा सुंदर नको, मापं बरोबर हवीत. प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या ठिकाणांपासून मोजा. भिंतीचा कोपरा, दाराची चौकट चालते. टेबल चालत नाही, ते उद्या हललेलं असेल. उत्तर दिशेचा बाण काढा आणि प्रमाणात नसेल तर तसं लिहा.

शोध कुठल्या क्रमानं

मोकळ्या मैदानात रांगेत चालत पट्ट्यापट्ट्यानं शोधतात, आणि बारीक वस्तू असेल तर तेच पट्टे पुन्हा आडवे. घरात खोलीनिहाय भाग पाडतात. पद्धत कोणती यापेक्षा कुठला भाग कुणी पाहिला याची नोंद महत्त्वाची.

उचलण्याचा नियम एकच: जे आधी नष्ट होणार ते आधी. उघड्यावरचा बुटाचा ठसा आणि वर ढग, तर बाकी सगळं थांबेल. वाऱ्यानं उडणारा धागा आधी, सोफा नंतर. गोळीबार झाला असेल तर हातावरचे शिसं, बेरियम आणि अँटिमनीचे सूक्ष्म कण घाईनं घ्यावे लागतात. चालत्या-फिरत्या माणसाच्या हातावरून ते काही तासांत झडून जातात. मृताच्या हातांना कागदी पिशव्या बांधायच्या, प्लॅस्टिकच्या नव्हे, कारण आत ओल धरते आणि नमुना बिघडतो.

फ्रान्समधल्या लिऑनमध्ये १९१० साली पोटमाळ्यावरच्या दोन खोल्यांत पोलिसांसाठी प्रयोगशाळा थाटणाऱ्या एडमंड लोकार्डचं तत्त्व प्रत्येक वर्गात शिकवतात: दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की काहीतरी देवाणघेवाण होते. विद्यार्थी हे गुन्हेगाराबद्दल लक्षात ठेवतात. ते तुम्हालाही लागू आहे, हे विसरतात. हातमोजे घालून नाक खाजवलंत की तो मोजा संपला. प्रत्येक वस्तूनंतर मोजे बदला. उघड्या पुराव्यावर वाकून बोलू नका.

हातात घेताना

रक्ताच्या संशयित डागापासून सुरुवात करू. आधी ठरवा, वस्तूच नेता येईल का? येत असेल तर तीच न्या. नाही तर स्वॅब. स्वॅबच्या टोकाला डिस्टिल्ड पाण्याचा एकच थेंब, भिजवून काढू नका. तेच टोक डागावर गोल फिरवत लहानात लहान जागेत जास्तीत जास्त रंग घ्या. मग दुसरा कोरडा स्वॅब त्याच जागेवरून, उरलेलं टिपून घ्यायला. शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या भागाचा तिसरा. हा तिसरा नव्या माणसाला फुकटचं काम वाटतो, पण पार्श्वभूमीवर आधीच कुणाचा डीएनए होता का हे त्यावरूनच कळतं.

प्राथमिक चाचणी करायची असेल तर डागावर थेट रसायन ओतू नका, डागाचा अगदी किंचित अंश फिल्टर पेपरवर घ्या. कास्टल-मायर चाचणीत आधी फिनॉल्फथॅलिनचं द्रावण टाकायचं आणि थांबायचं. इथेच गुलाबी झालं तर दुसरं कुठलं तरी ऑक्सिडीकरण करणारं द्रव्य आहे, चाचणी बाद. रंग आला नाही तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, आणि काही सेकंदांतच गुलाबी रंग आला तर रक्त असण्याची शक्यता. पाच मिनिटांनी आलेला गुलाबी धरायचा नाही, हवेनंही तो येतो. काही वनस्पतींमधल्या एन्झाइममुळेही रंग बदलतो, म्हणून नोंद "रक्त" अशी नाही, "प्राथमिक चाचणी सकारात्मक" अशी. ल्युमिनॉलचं तेच. अंधारात निळं चमकतं, बघायला जबरदस्त. पण ब्लीच आणि तांब्यावरही चमकतं, आणि फवाऱ्यानं अंधूक डाग आणखी पातळ होतो. म्हणून ते सगळ्यात शेवटी, पुसलेल्या जागेचा संशय असेल तेव्हाच.

ओले कपडे सावलीत, स्वच्छ कागदावर, हवेवर वाळवा आणि कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये दमट राहून बुरशी येते आणि डीएनए बिघडतो. वाळवायला जागा नसेल तर प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासापुरतं प्लॅस्टिक चालेल, पोचताच बाहेर काढायचं. कपड्याची घडी घालताना डागावर डाग येऊ देऊ नका, मध्ये कागद घाला.

केस, धागे, रंगाचे कपचे यांना पाकिटात थेट टाकायचं नाही. पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यांत बारीक फट असते, तिथून ते गळतात. यासाठी सगळ्यात उत्तम वेष्टन म्हणजे पुडी. कोरा कागद घ्या, त्याचे तीन समान भाग होतील अशा दोन उभ्या घड्या घाला, उलगडून मधल्या भागात नमुना ठेवा, उभ्या घड्या मिटा, मग आडव्या तीन भागांत दुमडून एक टोक दुसऱ्यात खोचा. पुडीवर क्रमांक, मग पुडी पाकिटात, मग पाकीट सील. लाखो रुपयांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाणारा धागा त्या सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचतो तो एका कागदाच्या घडीमुळे.

मातीतल्या बुटाच्या ठशाचा साचा घेताना नवशिक्यांची फार धांदल उडते. फोटो आधी. ठशावर नंतर पडलेलं सुटं पान अलगद उचला, पण बुटाखाली दाबून रुतलेलं पान ठशाचाच भाग आहे, त्याला हात लावू नका. एका ठशाला साधारण ९०० ग्रॅम डेंटल स्टोन आणि ३०० ते ३५० मिलिलिटर पाणी लागतं. पिशवीतच कालवा, गाठी मोडा, भज्यांच्या पिठापेक्षा सैल होईल इतपत. ठशावर थेट ओतलंत तर धारेनं बारीक रेषा मोडतात. ठशाच्या शेजारी जमिनीवर ओता आणि ते सरकत ठशात भरू द्या. घट्ट होण्याआधी पाठीवर काडीनं क्रमांक, तारीख, आद्याक्षरं कोरा. मग किमान अर्धा तास वाट. माझा पहिला साचा मी दहा मिनिटांत उचलला. टाचेचा भाग हातात आला, चवडा जमिनीतच राहिला. उचलल्यावर माती झटकू नका. दोन दिवस वाळल्यावर प्रयोगशाळेतच साफ होईल.

बोटांचे ठसे आधी नुसत्या डोळ्यांनी, टॉर्च तिरका धरून शोधा. दिसला की फोटो. मग प्रश्न येतो: इथे ठसा महत्त्वाचा की डीएनए? ब्रश एका ठिकाणचा डीएनए दुसरीकडे नेतो, म्हणून डीएनएची शक्यता असेल तिथे ब्रश आणि पावडर नवीच. पावडर थोडी घ्या, जितकी वाटते त्याच्या निम्मी. ब्रश घासू नका, टोकानं फिरवा, आणि रेषा उमटू लागल्या की त्यांच्या वळणानं न्या. जास्त पावडरनं रेषांमधल्या मोकळ्या जागा भरतात आणि ठसा कायमचा जातो. पिशव्या, बाटल्या, गुळगुळीत प्लॅस्टिक शक्यतो पावडर न लावता प्रयोगशाळेत न्या. तिथे दमट कपाटात सुपरग्लूची वाफ दिली की ठसे पांढरे उमटतात. कागदाला पावडर नाही. कागदावर घामातली अमिनो आम्लं शोषली जातात आणि निनहायड्रिन या रसायनानं ती जांभळी होतात. अमिनो आम्लं पाण्यानं धुऊन जातात, त्यामुळे पाण्यातल्या प्रक्रिया निनहायड्रिनच्या नंतर. क्रम उलटा केलात तर दुरुस्ती नाही.

ठशांच्या निमित्तानं एक आठवतं. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ साली कोलकात्यात सुरू झालं. वर्गीकरणाच्या पद्धतीवर राबले अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस, आणि पद्धतीला नाव लागलं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं. ज्याच्या हातानं काम झालं त्याचं नाव कागदावर असावं, असं मला वाटतं त्याचं एक कारण हेही.

जळालेल्या जागेतला नमुना याच्या अगदी उलट वागवायचा: कागद नाही, हवाबंद पत्र्याचा डबा किंवा खास नायलॉनची पिशवी. साध्या प्लॅस्टिकमधून पेट्रोलची वाफ निघून जाते. डबा काठोकाठ भरू नका, वरची मोकळी हवाच प्रयोगशाळा तपासते. मोबाइल फोन चालू असेल तर त्याचा नेटवर्कशी संबंध तोडा, सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवा. नाहीतर त्यातला डेटा दुरून पुसला जाऊ शकतो. बंद असेल तर बंदच राहू द्या. बंदूक जाणकारानं निकामी केल्याशिवाय हलवायची नाही, आणि नळीत पेन घालून उचलायची तर कधीच नाही.

सील आणि ताबा

पाकिटावर प्रकरण क्रमांक, वस्तूचा क्रमांक, काय आहे, कुठून उचललं, तारीख, वेळ, उचलणाऱ्याचं नाव. हे सगळं वस्तू आत टाकण्याआधी लिहा, म्हणजे पेनाचा दाब नमुन्यावर येत नाही. मग सीलची टेप, आणि सही अशी की अर्धी टेपवर आणि अर्धी पाकिटावर. टेप उचकटली तर सही तुटते.

पाकीट नंतर प्रयोगशाळेत उघडताना जुनं सील कापायचं नाही. दुसऱ्या बाजूनं कापा, काम झाल्यावर तिथे तुमचं सील, तुमची सही, तारीख. काही वर्षांनी त्या पाकिटाच्या चारही बाजूंना वेगवेगळ्या सह्या असतात आणि नुसतं पाहून कळतं की ते कुणी कधी उघडलं.

ताब्याच्या नोंदीत प्रत्येक हस्तांतराला दोन सह्या: देणाऱ्याची, घेणाऱ्याची. "कपाटात ठेवलं" हेही हस्तांतरच. ताब्याच्या या साखळीत तासाभराचं भगदाड असलं तरी उत्तम डीएनए अहवाल वाया जाऊ शकतो.

प्रयोगशाळेच्या टेबलावर

पीडिताच्या आणि संशयिताच्या वस्तू एकाच खोलीत, एकाच टेबलावर उघडू नका. वेगळी जागा आणि जमलं तर वेगळा माणूस. टेबल ब्लीचच्या द्रावणानं पुसा, त्यावर नवा कागद, आणि एका वेळी एकच पाकीट उघडं. दर खेपेला नमुन्यांसोबत एक कोरी नळी चालवा, जिच्यात कुणाचंच काही नाही. तिच्यात काही उमटलं तर सगळी खेप पुन्हा.

दुसरी अडचण डोक्यात असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे पुन्हा दिले, फक्त या वेळी "ही गाजलेली चुकीची जुळणी आहे" असं सांगून. पाचपैकी चौघांचं मत बदललं. गाजलेली चूक म्हणजे २००४ च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटांतली: एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा म्हणून एफबीआयनं जाहीर केला होता, पडताळणीतही तेच मत कायम राहिलं, आणि स्पॅनिश पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवून दिलं. म्हणून संशयिताची कबुली, तपास अधिकाऱ्याची खात्री, बातम्या, यातलं काही टेबलापर्यंत येऊ देऊ नका. पडताळणी करणाऱ्यालाही पहिल्याचं मत आधी कळू नये. अधिकारी फोनवर "तोच आहे, फक्त तुमचा अहवाल हवा" म्हणाला तर फोनची वेळ आणि वाक्य नोंदवून ठेवा. १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, आणि दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या ज्या खून प्रकरणात ते पहिल्यांदा वापरलं, तिथे गुन्ह्याची कबुली दिलेला १७ वर्षांचा मुलगा त्या चाचणीनं निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार १९८८ मध्ये दोषी ठरला.

घरी गेल्यावर

काही घटनास्थळं अंगाला चिकटतात. लहान मुलांची तर फारच. दृश्यापेक्षा वास जास्त दिवस राहतो, असा माझा अनुभव. काम चालू असताना एका वेळी एकाच वस्तूकडे बघणं सोपं जातं. त्रास नंतर, काही काम नसताना होतो. झोप बिघडली, जेवताना हात थांबू लागला तर आठवडाभरात कुणाशी तरी बोला, समुपदेशक असेल तर उत्तमच. "सवय होईल" असं सांगणारा सहकारी भेटेल. त्याचं ऐकू नका, त्याचीही झोप बहुधा गेलेली असते.

साक्ष

समन्स येतं तेव्हा प्रकरण बहुतेक विसरलेलं असतं. आठवण्याचा प्रयत्न करण्याऐवजी वही, फोटो आणि ताब्याची नोंद वाचा. तिन्हींतल्या वेळा जुळतात का पाहा. जुळत नसतील तर वकिलांना आधीच सांगा.

उत्तर विचारलं तेवढंच द्या. डीएनए कुणाचा असण्याची शक्यता किती, हे प्रयोगशाळा सांगू शकते. तो तिथे कधी आणि कसा आला हे नमुना सांगत नाही, म्हणून तुम्हीही सांगू नका. "म्हणजे आरोपी तिथे होता ना?" असा प्रश्न येईल, तुमच्याच बाजूच्या वकिलाकडूनही. "माझ्या चाचणीतून ते सांगता येत नाही" हे पूर्ण उत्तर आहे, पुढे पुस्ती जोडायची गरज नाही. माहीत नसेल तर "माहीत नाही".

बचाव पक्षाचा वकील वहीतलं ते खोडलेलं वाक्य काढणारच. "इथे काय लपवलंत?" वाचून दाखवा: आधी पूर्व लिहिलं होतं, पश्चिम हवं होतं, तेव्हाच रेघ मारली, सही माझी, वेळ ही. मग पाकीट तुमच्या हातात देतील आणि ओळखायला सांगतील. घाईनं "हो" म्हणू नका. उलटसुलट करून चारही सीलं बघा, आपली सही शोधा, टेप आणि कागद दोन्हीवर ती अखंड आहे का पाहा, आणि मगच सांगा. बाहेर पडताना ते पाकीट कुणाच्या ताब्यात गेलं त्याची नोंद झाली का बघा. तिथेही दोन सह्या लागतात.